घरगाडीची आगोट

पाण्याच्या अंगी एक चमत्कारिक गुण आहे, आणि तो विद्यार्थ्यांस समजावून सांगण्याचे काम मी गेली अठ्ठावीस वर्षे करीत आलो आहे. बहुतेक सर्व पदार्थ थंड होताना आकसतात. पाणीही आकसते, परंतु चार अंश सेल्सियसपर्यंतच. त्याखाली उतरले की ते उलट फुगू लागते, आणि गोठून त्याचा बर्फ झाला म्हणजे पूर्वीपेक्षा शेकडा सुमारे नऊ इतकी अधिक जागा मागते. एडिंबरो येथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस चार्ल्स होप यांनी १८०५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आमच्या प्रयोगशाळेत अद्यापि तसाच करून दाखविता येतो. उभ्या नळकांड्यात पाणी भरावयाचे, त्याच्या कमरेभोवती बर्फ व मीठ यांच्या मिश्रणाचा पट्टा बांधावयाचा, वर एक आणि खाली एक असे दोन तापमापक बसवावयाचे. प्रथम खालचा पारा उतरतो आणि चारावर येऊन थबकतो. नंतर वरचा उतरू लागतो आणि खालच्यास मागे टाकून शून्यास जाऊन भिडतो. मुले आकडे टिपून घेतात, आलेख काढतात, आणि परीक्षेत 'म्हणूनच थंड देशांत तळी वरून गोठतात व तळाशी मासे जिवंत राहतात' असे एक वाक्य ठोकून देऊन दोन गुण पदरात पाडून घेतात. त्याच गुणामुळे थंड देशांत नळ फुटतात, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलेली असते. आमच्या चिखलीत नळ फुटतात ते रस्ता खोदणाऱ्या यंत्रामुळे. थंडीने नळ फुटल्याचे येथे कोणाच्या ऐकिवात नाही.

ऐकिवात असण्याचे कारणही नाही. पुण्याच्या वेधशाळेच्या दप्तरी आजवरचे सर्वांत नीच तपमान १.७ अंश इतके आहे, आणि तेही १७ जानेवारी १९३५ या दिवशीचे. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या परिसरात एखाद्या निरभ्र पहाटे दवबिंदू गोठतात, तेव्हा वर्तमानपत्रे छायाचित्रे छापतात आणि लोक मोटारींच्या टपावरील ते पांढरे पापुद्रे नखाने खरवडून पाहण्यासाठी घाट चढून जातात. आपल्या लेखी बर्फ ही ऋतूने आपण होऊन आणून टाकण्याची गोष्ट नव्हे. ती विकत घेण्याची गोष्ट आहे. १८३३ साली बॉस्टनहून निघालेले एक जहाज अमेरिकेतील तळ्यांचा बर्फ कलकत्त्यास घेऊन आले, आणि त्यानंतर मुंबई-मद्रासेसही असा बर्फ येऊ लागला. मी स्वतः वर्गातील प्रयोगासाठी दर वर्षी मासळीबाजारातून अर्धी लादी आणवितो. अशा मनुष्याने पाणी गोठण्याविषयी बोलावयाचे म्हणजे समुद्र न पाहिलेल्याने भरती-ओहोटी शिकविण्यासारखेच आहे. शिकविता येते, नाही असे नाही. भूगोलाचे बहुतेक शिक्षक तेच करतात.

२०२२ सालच्या दिवाळीच्या सुटीत मी माझ्या धाकट्या भावाकडे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात गेलो, त्या वेळी या विषयाचा व माझा प्रथमच समोरासमोर परिचय झाला. भाऊ तेथे वीस-बावीस वर्षे आहे. त्याच्या अंगणात एक घरगाडी उभी होती. घरगाडी म्हणजे चाकांवरचे, मोटारीमागे जोडून ओढीत नेण्याचे घर. लांबी सुमारे चोवीस फूट, रुंदी आठ. आत दोन बिछाने, एक मेज, चूल, शीतपेटी, बेसिन, न्हाणी, शौचकूप. पाणी तापविण्यास वायूवर चालणारा एक लहानसा बंब. आणि जमिनीखाली तीन टाक्या, एक स्वच्छ पाण्याची, दुसरी सांडपाण्याची आणि तिसरी शौचाची. आपल्याकडील तीर्थयात्रेच्या गाड्यांत माणसे कोंबलेली असतात आणि घर मागे राहिलेले असते. येथे सबंध घरच बरोबर घेऊन माणसे रानात जातात व दोन दिवस झाडाखाली बसून परत येतात. आमच्या भावजयीने मला ती गाडी दाखविली ती नवे दागिने दाखवावेत तशी. मी चांगली आहे म्हणालो. माझ्या मनात जे आले ते बोलून दाखविले नाही.

मनात आले ते असे. १९९७ साली चिखली गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. इंद्रायणीच्या बाजूस आमचे वडिलोपार्जित पाच एकर रान होते. त्यात ऊस होता, थोडी भाजी होती, एक बांधीव विहीर होती. वडील गेल्यावर काही वर्षांनी ते रान आम्ही विकले. न विकून चालण्यासारखे नव्हते. तीन बाजूंनी कारखान्यांच्या भिंती व चाळी उभ्या राहिल्या होत्या, विहिरीच्या पाण्यावर तवंग येऊ लागला होता. माझ्या वाट्यातून मी राखून ठेवलेल्या चार गुंठ्यांवर घर बांधले. धाकट्याचा वाटा बरीच वर्षे पेढीत पडून होता, आणि त्यातल्या काही भागाची ही घरगाडी झाली होती. आमच्या आईने ही बातमी ऐकली तेव्हा एवढेच म्हटले होते, "रान विकलं आन् चाकं घेतली." आई शिकलेली नाही, परंतु माझ्या मते त्या व्यवहाराचे याहून नेमके वर्णन एखाद्या अर्थशास्त्रज्ञासही करता आले नसते.

त्या गाडीतून आम्ही सुपीरियर सरोवराच्या काठी दोन रात्री राहून आलो. तेथील सार्वजनिक नळ हिवाळ्यासाठी आधीच बंद करण्यात आले होते, म्हणून पाणी घरून भरून नेले होते. पाने गळून गेलेली भूर्जाची झाडे, समोर समुद्रासारखे दिसणारे पण मिठाचा वास नसलेले पाणी, आणि रात्री अंथरुणात पाय जवळ घेऊन ऐकलेला वारा, एवढे त्या सहलीविषयी सांगितले म्हणजे पुरे. परत आलो त्याच दिवशी भाऊ म्हणाला, "दादा, उद्या सकाळी मला मदत कर. पाणी काढायचंय. परवापासून रात्री पारा शून्याच्या बराच खाली जाणार आहे."

पाणी काढावयाचे म्हणजे काय हे मला दुसरे दिवशी कळले. त्या राज्यात शहरातील पाण्याचे मुख्य नळ जमिनीत सात-आठ फूट खोल पुरतात, कारण तेथवर थंडी सहसा पोहोचत नाही. घरांत तळघर असते, भिंती जाड असतात, आत अग्नी असतो. घरगाडीस यांतले काहीच नाही. तिच्या भिंती दीड-दोन इंचांच्या, नळ जमिनीलगत व खालून वारा. आणि हिवाळाभर तीत कोणी राहावयाचे नसते, म्हणजे ऊब नाही. तेव्हा तिच्या रक्षणाचा एकच उपाय उरतो, तो म्हणजे तिच्या अंगात पाण्याचा थेंब न ठेवणे. टाक्या रित्या करणे हे त्यातले सर्वांत सोपे काम. बंब आदल्या रात्रीच विझवून निवू दिलेला होता. प्रथम वरची चावी उघडून आतील दाब घालविला आणि मग तळाचे बूच काढले. सुमारे तेवीस लिटर पाणी भसकन अंगणात आले. त्या बुचाला जोडलेली एक मॅग्नेशियमची कांडी असते. पाण्यातील गंज पत्र्याला न खाता तिला खातो. भावाने ती मला दाखविली. नवी असताना अंगठ्याएवढी जाड असलेली ती कांडी किडलेल्या दातासारखी झाली होती. नंतर गाडीच्या पोटाखाली लोळून त्याने दोन नळ्यांची टोपणे काढली, एक लाल व एक निळे. सबंध गाडीतील सर्वांत खालच्या जागा त्या. तेथून गरम व थंड अशा दोन्ही नळांतले पाणी उताराने वाहून गेले.

मला वाटले, झाले. परंतु खरे काम येथून पुढेच होते. उताराने जाणारे पाणी जाते. वाकणात, पंपाच्या पोटात, चाव्यांच्या खोबणीत जे अडकून बसते ते आपण होऊन जात नाही. बेसिनखालच्या नळीला दुर्गंधी अडविण्यासाठी मुद्दामच एक वाकण दिलेले असते आणि त्यात पाणी राहावे अशीच योजना असते. बाहेरच्या बाजूस पाय धुण्याची एक लहान तोटी होती, तिची आठवण मलाच काय, भावजयीलाही नव्हती. भाऊ म्हणाला, "लोकांचं नुकसान होतं ते हिच्यामुळे. सगळी गाडी सुकवतात आणि हिला विसरतात." दोन घोटही पाणी नसेल तीत. तेवढ्याने ती तोटी चिरते, आणि वसंतात प्रथम पाणी सोडले की भिंतीच्या आत गळू लागते. लाकूड कुजेपर्यंत कोणास समजत नाही.

येथे माझ्यातील मास्तराला राहवेना. मी त्याला क्यूबेकची गोष्ट सांगितली. १७८४ व १७८५ च्या हिवाळ्यांत तेथे असलेल्या मेजर एडवर्ड विल्यम्स नावाच्या तोफखान्यातील अधिकाऱ्याने लोखंडी बाँबगोळ्यांत पाणी भरून, तोंडात लोखंडी गुडदी ठोकून ते उघड्यावर ठेवून दिले. काही गोळ्यांची गुडदी बंदुकीच्या गोळीसारखी दूर उडाली आणि भोकातून बर्फाची कांडी बाहेर आली. ज्यांची गुडदी पक्की बसली होती ते गोळेच फुटले. भाऊ शांतपणे ऐकत होता. मग त्याने मला एक गोष्ट विचारली, आणि ती माझ्या पुस्तकात नव्हती. "दादा, नळ जिथं बर्फ होतो तिथंच फुटतो असं तुला वाटतं का?" मी अर्थातच होय म्हणालो असतो, पण त्याच्या स्वरावरून मी थांबलो. तो म्हणाला की नळात एके ठिकाणी बर्फाचे बूच बसते, ते वाढत जाते आणि पुढच्या पाण्याला रेटू लागते. तोटी बंद असेल तर त्या कोंडलेल्या पाण्याला जावयास वाट नसते. दाब चढत जातो, आणि नळ जेथे कच्चा असेल तेथे, पुष्कळदा बर्फापासून दूर, पाणी अजून पातळ असते अशा जागी फुटतो. तोटी उघडी ठेवली तर तोच नळ तितक्याच थंडीत शाबूत राहू शकतो. अर्ध्या भरलेल्या भांड्यात बर्फ झाला तरी भांडे बहुधा फुटत नाही, कारण वर त्याला सरकावयास जागा असते. विल्यम्सच्या गोळ्यांतही हेच झाले होते. मी इतकी वर्षे ती गोष्ट सांगत आलो, पण गुडदी सैल होती ते गोळे वाचले, या अंगाने मी तिच्याकडे पाहिले नव्हते. परत आल्यापासून मी वर्गात होपच्या प्रयोगानंतर नळाची ही आकृती फळ्यावर काढतो. परीक्षेत तिला गुण नाहीत, आणि तरीही मुलांना तेवढीच लक्षात राहते.

अडकलेले पाणी काढण्याचे दोन मार्ग आहेत. एक, हलक्या दाबाची हवा सोडून ते बाहेर फुंकणे. दाब अधिक झाला तर ज्या सांध्यांच्या रक्षणासाठी हा खटाटोप तेच सुटून येतात. दुसरा, पाण्याच्या जागी न फुटविणारे द्रव भरणे. भावाने दुसरा पत्करला. दुकानातून आणलेल्या तीन बुधल्यांत गुलाबी रंगाचे द्रव होते. मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते बहुधा एथिलीन ग्लायकॉल. आमच्या चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या गाड्यांत ते पाण्यात मिसळून भरलेले असते. ते चवीला गोडसर आणि पोटात गेल्यास प्राणघातक असल्यामुळे पिण्याच्या नळात चालत नाही. घरगाडीत घालावयाचे ते प्रॉपिलीन ग्लायकॉल, तुलनेने निरुपद्रवी. बुधलीवर 'उणे ५०' असा मोठा आकडा होता. तो फॅरनहाइटचा, म्हणजे सेल्सियसमध्ये सुमारे उणे ४६. इतक्या थंडीपर्यंत हे द्रव पातळ राहते, असा त्याचा अर्थ मी केला असता. परंतु ते त्याच्या पुष्कळ आधी, उणे बाराच्या सुमारास, उसाच्या रसात बर्फ चुरावा तसे होऊ लागते. फक्त ते शुद्ध पाण्यासारखे घट्ट होत नाही, आणि नळ फोडण्याइतके फुगत नाही. त्याच राज्यात टॉवर नावाच्या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी पारा उणे ६० फॅरनहाइटपर्यंत उतरला होता. म्हणजे बुधलीवरच्या आकड्याच्याही खाली. त्या दिवशी तेथील घरगाड्यांचे काय झाले असेल, असे मी विचारले. "आमच्या शहरात तेवढी पडत नाही," भाऊ म्हणाला. दुकानदारावर त्याचा विश्वास आहे. माझा कमी आहे.

बंबाला वळसा देणाऱ्या चाव्या फिरविल्या, पंपाची नळी बुधलीत बुडविली, आणि मग माझी पुतणी व मी अशा दोघांनी आतून एकेक तोटी उघडावयाची, असे ठरले. प्रथम हवेची खोक, मग पाणी, मग फिका रंग, मग जास्वंदीच्या पाकळ्या चुरल्यासारखी गुलाबी धार. थंडची झाली की गरमची. बेसिन, न्हाणी, शौचकूप, आणि ती बाहेरची विस्मृत तोटी. "काका, आला, आला!" असे ती पोर प्रत्येक वेळी ओरडे, आणि बाहेरून तिचा बाप "किती गुलाबी?" म्हणून विचारी. शेवटी प्रत्येक वाकणात एकेक पेला ओतला. सबंध काम चार तासांचे. लागले सुमारे अडीच बुधल्या द्रव.

याच वेळी आईचा दूरध्वनी आला. चिखलीत रात्र होती. पाणी काढून टाकीत आहोत हे ऐकून ती चकित झाली. २०१९ च्या नोव्हेंबरापासून आमच्या शहरास एक दिवसाआड पाणी मिळू लागले, तेव्हापासून आईने घरातील प्रत्येक हंडा, कळशी, इतकेच काय पण पूर्वी पापडाचे पीठ ठेवीत ते पिंपही पाण्यास लावले आहे. घराचे रक्षण करावयाचे म्हणजे पाणी भरून ठेवावयाचे, ही तिची आयुष्यभराची समजूत, आणि आपल्या मुलखात ती अगदी योग्य आहे. निफाडकडे पारा चार-पाच अंशांवर उतरला की द्राक्षबागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवितात आणि विहिरीचे पाणी सोडतात. जमिनीच्या पोटातून आलेले ते पाणी हवेहून उबदार असते. तेथे पाणी हेच थंडीवरचे औषध. भावाने तिला नळ फुटण्याचे कारण समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "सगळं सांडलं? प्यायला तरी ठेवलंय का?"

दुपारी भाऊ गाडीच्या टपावर चढला. सांध्यांवरील लांबी तपासावयाची होती. फटीत पाणी शिरले आणि गोठले, की ते पाचर ठोकल्यासारखी फट रुंदावते. वितळले की अधिक आत जाते आणि पुन्हा गोठते. डोंगर फुटतात ते असेच. मी शिडी धरून खाली उभा होतो. तो टपावरून चार हातापायांवर, वजन पसरून, आतील कैच्यांच्या रेषेवरच गुडघे टेकीत चालला होता. मधल्या पोकळ पत्र्यावर भार येऊ देत नव्हता. ही चाल मी ओळखली. वैशाख संपत आला की वडील आगोटीच्या कामास लागत. सरपण पडवीत रचावयाचे, गोवऱ्यांचा उडवा शेणाने लिंपून घ्यावयाचा, धान्याच्या कणग्या जमिनीपासून उचलून फळ्यांवर ठेवावयाच्या, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घर शाकारावयाचे. मी अंगाने स्थूल, म्हणून खाली राहून कौले हातोहात द्यावयाचा; धाकटा हलका, म्हणून त्याला वर चढवीत. वडील अंगणातून ओरडत, "पाय वाशावर ठेव, कौलावर नको!" ते घर पाडून त्यास आता पंधरा वर्षे झाली. मी बांधलेल्या घरावर सपाट गच्ची आहे. तिला आगोट लागत नाही, आणि मृगाच्या आधी माझ्या हाताला काही काम उरलेले नाही.

टपावरून उतरल्यावर तो हात पुशीत माझ्याशेजारी पायरीवर बसला. जमिनीचा विषय आम्हां दोघांत कधी निघत नाही. त्या दिवशी त्यानेच काढला. म्हणाला, "आई काय म्हणाली ते मला कळलंय. तुलाही तसंच वाटतं, तू बोलत नाहीस एवढंच. पण दादा, तुझं घर आहे तिथं पलीकडं बापूंच्या उसाचा फड होता. आता खिडकीतून काय दिसतं तुला?" मी म्हणालो, "कारखान्याचा पत्रा." तो म्हणाला, "माझं घर निदान झाडाखाली नेऊन उभं करता येतं." यावर उत्तर नव्हते असे नाही. ज्या भुईवर नांगर चालला, तिच्याजवळ कोणीतरी राहावयास हवे होते. आईला उचलून टाळगाव चिखलीच्या पालखीचा आवाज ऐकू येणार नाही अशा गावी नेता आले नसते. हे सर्व मी बोललो, आणि त्याने ते मान्यही केले. तथापि चाके घेणे त्याला जितके उचित वाटते तितके ते मला आजही वाटत नाही. आमचे एकमत झाले नाही. फक्त त्या टपावर त्याने केलेले काम मी पाहिले होते, आणि रान विकलेला मनुष्य निष्काळजी झाला असावा हा एक संशय माझ्यापुरता तेथे निकालात निघाला.

संध्याकाळी गाडी शहराबाहेरील भाड्याच्या जागेत नेऊन उभी केली. विजेची घटमाला काढून घरी आणली. पुरती भारलेली असेल तर ती कडक थंडीतही टिकते, उतरलेली असेल तर शून्याखाली थोड्याच अंशांवर तिच्यातील द्रव गोठते. चाकांखाली फळ्या घातल्या. शीतपेटीचे दार उघडे अडकविले. उंदरांसाठी फटींत लोखंडी तारांचा कापूस कोंबला, डब्यांतील अन्नाचा कण न कण काढला. कुंपणापलीकडे आणखी अशाच वीस-पंचवीस घरगाड्यांची एक वसाहत होती, आणि त्यांतल्या काहींत दिवे होते. त्या लोकांना दुसरे घर नाही. एका गाडीपुढे एक वृद्ध गृहस्थ गवताच्या पेंढ्यांच्या गासड्या गाडीच्या बुडाभोवती भिंतीसारख्या रचीत होता. ट्रक चालविण्यात त्याचे आयुष्य गेले होते. भावाची त्याची ओळख होती. आम्ही दोघांनी त्याला आठ-दहा गासड्या लावू लागलो. त्याने सांगितले की नळाला तो विजेची उष्ण पट्टी गुंडाळतो, पंपाशेजारी एक दिवा रात्रंदिवस जळत ठेवतो, आणि फार कडाका पडला की बेसिनची तोटी शिसपेन्सिलीतील शिशाएवढ्या धारेने चालू ठेवून झोपतो. वीज गेली तर? "मग मी उठतो," तो म्हणाला.

आमच्या गाडीचा बंदोबस्त चार तासांत संपला होता, कारण तीत कोणी राहावयाचे नव्हते. त्याचा पाच महिने चालावयाचा होता. परतताना मला कासारसाईच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या टायरगाड्या आठवत होत्या. दिवाळी उलटली की बीडकडील ऊसतोडकरी बैलजोडी, भांडी, अंथरुणे, पोरे, कोंबड्या एका गाडीत घालून आमच्या भागात उतरतात. मिनेसोटात हिवाळा लागला की घरगाड्या थांबतात. आपल्याकडे त्याच सुमारास निघतात. त्यांची कोपी बांबूची, चटईची. पूर्वी वर पाचट घालीत, अलीकडे प्लास्टिकचा कागद असतो. त्यांतील बायका पहाटे तीन-चारच्या थंडीत उठून, लांबच्या विहिरीचे पाणी आणून, भाकऱ्या थापून फडावर निघतात. नळच नसल्यामुळे तो फुटण्याचे भय त्यांना नसते. आमच्या रानातही वडिलांच्या वेळी अशा आठ-दहा कोप्या पडत. लहानपणी मला त्या सहलीच्या राहुट्यांसारख्या वाटत, आणि तेथे जेवावयास मिळावे म्हणून मी हट्ट करी. वडिलांनी एके वर्षी त्यांना विहिरीजवळची जागा सोडून कडब्याच्या गंजीच्या आडोशाची जागा दिली होती. पाण्याला लांब पडत असूनही त्या बायकांना ती पसंत पडली होती. याचे कारण मला त्या गासड्या रचताना उमगले.

मी डिसेंबरापूर्वीच परत आलो. पुढचा हिवाळा आईने भावास आठवड्यातून एकदा तरी विचारले की गाडी कशी आहे. ती बर्फाखाली आहे, असे तो सांगे आणि छायाचित्र पाठवी. त्यात एक पांढरा उंचवटा दिसे. वृद्ध ट्रकवाल्याचे काय, असे मी विचारी. जानेवारीत दोन दिवस वीज गेली होती, तेव्हा तो भावाकडे तळघरात येऊन राहिला होता, आणि त्याच्या नळाचा एक सांधा त्यात गेला. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरगाडी अंगणात आली. पाणी सोडले. पुतणीने मला ते दूरध्वनीच्या पडद्यावर दाखविले: प्रथम गुलाबी, मग फिके, मग स्वच्छ. बाहेरची तोटी सर्वांत शेवटी उघडली, आणि तीही धड निघाली. आई शेजारी बसून पाहत होती. आमच्याकडे पाणी यावयाचा तो दिवस नव्हता. ती म्हणाली, "त्याला म्हणावं, ते गुलाबी गेलं ना सगळं? आता चांगलं दोन हंडे भरून ठेव म्हणावं."